आनामारिया: नावाचा अर्थ, उगम आणि बारशाचा पाळणा

आगशीची सून

नमस्कार मंडळी. माझं माहेर दोडामार्गचं, सासर गोव्यातल्या आगशीचं. आम्हाला मुलगी झाली आहे. नवरा ख्रिस्ती, मी हिंदू, आणि दोन्ही घरांनी पहिल्यापासून समजुतीनं घेतलं आहे. त्यामुळे आधी माहेरी बारसं होईल आणि पावसाळा सरला की आगशीला इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्मा.

नाव ठरलंय आनामारिया. आजेसासूबाईंचं नाव आना आणि सासूबाईंचं मारिया. सासरी कुणी अर्थ विचारला नाही, नाव ऐकल्याबरोबर सगळ्यांचे डोळे भरून आले. माहेरी मात्र माझी मावशी अडून बसली आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक नातवंडाचा पाळणा तिनंच रचला आहे. ती म्हणते, "नावाचा अर्थ कळल्याशिवाय मी कडवं कसं रचू?" नेटवर शोधलं तर एके ठिकाणी 'कृपाळू समुद्रतारा', दुसरीकडे 'कडू कृपा', तिसरीकडे 'प्रिय राजकन्या'. त्यात एका काकूंनी हळूच सांगितलं की 'मारी' ऐकलं की मरीआई आठवते, बाळाला असलं नाव नको.

हिब्रू, पोर्तुगीज जाणणाऱ्या किंवा बायबल वाचलेल्या मंडळींनी नीट सांगावं. ही दोन नावं कुठून आली, जोडली कशी गेली आणि मावशीला पाळण्यात घालता येईल असं त्यात काय आहे?

शब्दवेडा

ताई, अभिनंदन! आधी 'आना' घेऊ, कारण त्याबद्दल वाद नाही.

मूळ हिब्रू नाव हन्ना. त्यातला पहिला 'ह' आपल्या 'ह'पेक्षा खोल, घशातून खरवडून येणारा. धातू ह-न-न, अर्थ कृपा करणं, मेहेरबानी करणं. ग्रीकमध्ये तो वर्ण नव्हता, म्हणून जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात नाव 'अन्ना' झालं. तेच लॅटिनमध्ये गेलं, पोर्तुगीजांनी एक 'न' गाळून 'आना' केलं आणि ते गोव्यात उतरलं. इंग्रजीत अ‍ॅन, अ‍ॅना आणि हन्ना ही सगळी रूपं चालतात.

मावशींना धातूपेक्षा गोष्ट जास्त उपयोगी पडेल. बायबलातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच ती आहे. एलकाना नावाच्या गृहस्थाला दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नेला मुलं आहेत, हन्नेला नाही, आणि सवत तिला टोचून टोचून रडवते. हन्ना शिलो इथल्या देवस्थानात जाऊन नवस बोलते: मुलगा झाला तर तुझ्याच सेवेला देईन. ती मनातल्या मनात प्रार्थना करत असते, ओठ हलतात पण आवाज नाही. दारापाशी बसलेल्या एली याजकाला वाटतं, बाई प्यालेली आहे. ती शांतपणे सांगते, मी प्याले नाही, मन मोकळं करते आहे. पुढे शमुवेल होतो, दूध तुटल्यावर ती त्याला देवळात नेऊन सोडते. त्यानंतरचं एक वाक्य मला फार आवडतं: त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेत असे. मूल वाढतंय, माप अंदाजानं घ्यायचं आणि वर्षातून एकदा भेटायचं. अंगडं-टोपडं शिवणाऱ्या आपल्या कुठल्याही आजीला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

सांखळीकर

मी सत्तरीच्या भागात शिक्षक होतो. 'आना' म्हणजे अन्नपूर्णा, असं आमच्याकडे काही जण म्हणतात. काही संबंध?

शब्दवेडा

नाही, सर. 'अन्न' संस्कृत, 'हन्ना' हिब्रू. दोन्ही भाषांची कुळंच वेगळी. एकाच धातूतलं नाव हवं असेल तर ते लांब उत्तर आफ्रिकेत सापडतं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल, म्हणजे 'बआल देवाची कृपा'. तिथली फिनिशियन भाषा हिब्रूची सख्खी बहीण.

तारवटी

गोव्यातच सापडतं की! योहान, पोर्तुगीजांचा जुआंव, या नावातही हाच धातू नाही का? सेमिनरीत शिकलेल्या माझ्या मोठ्या भावानं एकदा सांगितलं होतं.

शब्दवेडा

बरोबर. योहानान, म्हणजे 'यहोवानं कृपा केली'. त्यातला 'हानान' आणि हन्ना एकाच मुळाचे. म्हणजे २४ जूनला विहिरीत उड्या पडतात तो सांजांव, म्हणजे संत योहानाचा सण, आणि जुलैअखेर तळावलीला भरतं ते सांतानाचं, म्हणजे संत आनेचं फेस्त, एका महिन्याच्या अंतरानं येणारे हे दोन्ही सण एकाच धातूच्या नावांचे.

आणि जोआना हे नाव जोआंव-आना असं जोडून झालेलं नाही, ते योहानचं स्त्रीरूप आहे. सुझानातही 'आना' नाही. हिब्रू 'शोशन्ना' म्हणजे लिलीचं फूल. शेवटी 'आना' दिसलं की जोडनाव समजायचं, असा घोळ पुष्कळ ठिकाणी होतो म्हणून सांगितलं.

आगशीची सून

तळावली आमच्यापासून जवळच. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला तवशांच्या, म्हणजे काकड्यांच्या, फेस्ताला नेलं होतं. त्याबद्दल कुणी नीट लिहील का? मावशीला तेही सांगायचं आहे.

तिसवाडीचा

मी लिहितो, आमचं बालपण त्याच भागात गेलं. तळावलीची सांत आनाची इगर्ज सतराव्या शतकाच्या शेवटी उभी राहिली. १६८१ ते १६९५ असा बांधकामाचा काळ सांगतात. मूल व्हावं म्हणून जोडपी तिथं तवशी वाहतात आणि पोर्तुगीजमध्ये म्हणतात, 'तोमाय पेपीनु, दाय मिनीनु': तवसं घे, मूल दे. बायको हवी असलेला तरुण चमचा वाहतो, कारण 'कुल्येर' म्हणजे चमचा आणि 'मुल्येर' म्हणजे बायको. नवरा हवा असलेली मुलगी उडीद नेते, 'उरीद' आणि 'मारीद' यांचं यमक म्हणून. पावसाळ्यात तवशी भरपूर असतात, इगर्जीच्या आवारात हिरवा ढीग लागतो. हिंदू जोडपीही येतात आणि त्यांना कुणी वेगळं मानत नाही. मूल झालं की ते घेऊन पुन्हा यायचं.

आता हे बघा, शिलोच्या देवळात मूल मागणारी हन्ना आणि तळावलीत मूल देणारी आना, नाव एकच. दोघी वेगळ्या, मधे हजारभर वर्षांचं अंतर, पण कामही तेच राहिलं.

कुपारीण

वसईहून नमस्कार. आम्ही कॅथलिक आणि घरात मराठीच, म्हणून या धाग्यावर थांबले.

एक गोष्ट स्पष्ट असावी. येशूची आजी, म्हणजे मारियेची आई आना, ही चारही शुभवर्तमानांत कुठंच नाही. मारियेच्या आईवडिलांची, योआकीम आणि आना यांची कथा दुसऱ्या शतकातल्या 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' या ग्रंथात येते आणि तो बायबलमध्ये धरलेला नाही. ती कथाही हन्नेच्याच वळणाची: मूल नाही, लोक बोलतात, प्रार्थना, मग देवदूत. लूकच्या दुसऱ्या अध्यायात एक हन्ना भेटते, पण ती मंदिरात राहणारी म्हातारी विधवा, संदेष्टी. आपल्या मराठी बायबलात हन्ना असंच लिहितात.

तरी परंपरेनं आनेला आजीचा मान दिला. २६ जुलै हा तिचा दिवस. चित्रांत, मूर्तींत ती बहुतेक वेळा लहान मारियेला वाचायला शिकवताना दिसते, मांडीवर उघडं पुस्तक आणि मुलीचं बोट अक्षरावर. म्हणून आनामारिया म्हणजे आई आणि लेक एका नावात. ताई, तुमच्या घरी आजेसासूबाई आणि सासूबाई अशाच मायलेकी आहेत की सासूसुना?

आगशीची सून

सासूसुना. पण दोघी एकमेकींना मायलेकींसारख्याच. आजेसासूबाई गेल्या तेव्हा सासूबाई कितीतरी दिवस तेर्साला, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेला, त्यांची जागा मोकळी ठेवायच्या.

शब्दवेडा

आता मारिया. इथं एकमत नाही आणि मला वाटतं मावशींना ते तसंच सांगावं.

मूळ नाव मिर्याम, इस्रायली लोकांना इजिप्तमधून बाहेर नेणाऱ्या मोशेची आणि अहरोनची बहीण. तान्ह्या मोशेला पेटीत घालून नदीकाठी लव्हाळ्यात ठेवलं तेव्हा पहारा देणारी ती हीच, असं मानतात. ग्रीकमध्ये मरियम आणि मारिया, लॅटिनमध्ये मारिया, अरबीत मरियम (कुराणातली एकोणिसावी सूरा येशूच्या आईच्या याच नावाची). अर्थाबद्दल मुख्य मतं अशी. 'मर' म्हणजे कडू, त्यावरून 'कडवटपणा'. 'मरी' म्हणजे बंड, त्यावरून 'बंडखोर'. तिसरं मत इजिप्तकडे बोट दाखवतं: तिथल्या भाषेत 'मरी' म्हणजे प्रिय, लाडकी. मला तिसरं जास्त पटतं. मोशेचं घराणं इजिप्तमध्ये जन्मलं, वाढलं. मोशे हे नावही इजिप्तच्याच 'मोस', म्हणजे जन्मलेला, यावरून आलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग बहिणीचं नावही त्याच मातीतलं असणं अगदी सहज आहे.

'कडू' हा अर्थ इतका रुजला त्याला बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातली रचनाही थोडी कारण असावी. समुद्र ओलांडल्यावर मिर्याम डफ घेते, बाया तिच्यामागून नाचत निघतात, ती गाते. त्यानंतर दोनच ओव्यांनी लोक मारा नावाच्या ठिकाणी पोचतात आणि तिथलं पाणी कडू निघतं.

म्हापशेकार

आणि समुद्रतारा? आमच्याकडे जहाजावर जाणाऱ्यांच्या घरांवर 'स्टेला मारिस' लिहिलेलं असतं.

शब्दवेडा

त्याची कहाणी तर थेट तुमच्या म्हापशाशी जोडलेली आहे. सेंट जेरोम, म्हणजे सांव जेरोनिमो, यानं लॅटिन बायबल सिद्ध केलं आणि हिब्रू नावांच्या अर्थांचा एक कोशही लिहिला. हिब्रूत 'मर' म्हणजे थेंब, 'याम' म्हणजे समुद्र, म्हणून त्यानं अर्थ दिला 'स्तिल्ला मारिस', समुद्राचा थेंब. पुढे नकलाकारांच्या हातून 'स्तिल्ला'चं 'स्तेल्ला' झालं आणि थेंबाचा तारा झाला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. एका अक्षराचा फरक. पण तारा लोकांनी उचलला, त्याची स्तोत्रं झाली, आणि खलाशांसाठी काम करणारी चर्चची जगभरची संस्थाही आज स्टेला मारिस याच नावानं ओळखली जाते.

म्हापशाची मिलाग्रीस सायबिणीची, म्हणजे मारियेची, इगर्ज, १५९४ ची, मूळ कुणाच्या नावाची आहे?

म्हापशेकार

सांव जेरोनिमोच्या! सगळी मिलाग्रीस म्हणतात, पण इगर्जीचं नाव तेच. आणि आमच्या सायबिणीला हिंदू लोक शिरगावच्या लइराई देवीची बहीण मानतात, सात बहिणींतली मिराबाय. फेस्ताला तेल घेऊन येतात. म्हणजे ज्या संतानं मारियेचा अर्थ लावला त्याच्याच इगर्जीत मारिया आमची मिराबाय होऊन बसली आहे. मी लहानपणापासून त्या फेस्ताला जातोय, हे असं जोडून कधी पाहिलं नव्हतं.

तारवटी

मी जन्मभर जहाजावर काढला. अर्थ नकलेतून आलेला असो, रात्री दर्यावर ती हाक मारताना थेंब आहे की तारा हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. आपल्या लेकीला तारा म्हणून झोपवा, ताई.

आगशीची सून

दादा, तुमचं हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. माझे सासरेही तारवटीच होते.

आता मरीआईबद्दल कुणी सांगेल का? काकू मनानं वाईट नाहीत, भीती वाटते त्यांना.

सांखळीकर

हे मी सांगू शकतो. मरीआईतला 'मरी' म्हणजे साथीचा रोग, महामारीतला. संस्कृत 'मृ' धातूवरून. त्याचा मिर्यामशी काही संबंध नाही, उच्चार जवळचा आहे इतकंच. काकूंना असंही सांगा की साथ आली की आई म्हणून मरीआईलाच शरण जायची आपली रीत आहे. ज्या देवीच्या नावामागं 'आई' लावलं तिच्या नावाचं भय कशाला?

रेवदंडेकर

मराठी घरांत ही नावं नवी नाहीत. रेवदंडा-अलिबाग भागातले बेने इस्रायल, म्हणजे ज्यू लोक मराठीच बोलायचे, तेलाच्या घाण्याचा धंदा, शनिवारी काम बंद म्हणून 'शनिवार तेली' म्हणायचे त्यांना. शेजारच्या आजी हन्ना होत्या, नऊवारी नेसायच्या आणि चुलीवर भाकरी भाजायच्या. त्यांच्यात इसहाकचा इसाजी आणि शमुवेलचा सामाजी झालेला जुन्या कागदांत दिसतो. त्यामुळे 'परकं नाव' असं कुणी म्हणालं तर सांगा, कोकणात हन्ना कित्येक पिढ्या नांदली आहे.

पत्रिकावाली

मग पत्रिकेत सरळ लिहा ना: आनामारिया म्हणजे 'कृपामयी लाडकी'. हन्ना कृपा, मिर्याम लाडकी. बसलं की.

कुपारीण

मी असं करणार नाही. समासासारखा विग्रह या नावांना लागत नाही. आनामारिया, आनेमारी, मारिबेल (मारिया आणि इझाबेल) ही दोन व्यक्तींची नावं शेजारी ठेवून झालेली, अर्थाला अर्थ जोडून नव्हे. मारियानाचं तर मूळच वेगळं, रोमन मारियुस घराण्यावरून 'मारियानुस' आणि त्याचं स्त्रीरूप. मारिया अधिक आना असं लोक पुढे समजू लागले. अ‍ॅनाबेलही असंच, ते बहुधा 'आमाबेल' म्हणजे लोभस यावरून, त्यात मुळात आना नाही.

युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकांत आनेची भक्ती फार वाढली, १५८४ मध्ये पोपनं तिचा सण सगळ्या चर्चला लागू केला. बाप्तिस्म्याला संताचं नाव द्यावं असं १५६६ च्या रोमन धर्मशिक्षणग्रंथातही सांगितलं आहे. बार्देश-साष्टीत ख्रिस्ती धर्म पसरला तो हाच काळ. त्यामुळे पोर्तुगीज घरांत रूढ असलेल्या मारिया आणि आना गोव्याला जोडीनंच मिळाल्या. जुन्या नोंदवह्यांत मारिया इतक्या की पुरतं नावही लिहीत नसत, 'म' आणि वर छोटा 'अ' एवढंच.

शब्दवेडा

कुपारीणताई म्हणतात ते खरं आहे, विग्रह करू नये. पण दोन नावांना जोडणारा धागा खुद्द बायबलात आहे, तो सांगायलाच हवा. शमुवेल झाल्यावर हन्ना एक गीत गाते: बलवानांची धनुष्यं मोडली, भुकेले तृप्त झाले, देव धुळीतून दीनाला उठवतो. लूकच्या पहिल्या अध्यायात अलीशिबेच्या घरी मारिया गाते तेव्हा तेच सूर परत येतात: अधिपतींना आसनांवरून खाली ओढलं, भुकेलेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं. लूकनं हन्नेचं गाणं मारियेच्या तोंडी नव्यानं दिलं आहे. दोघींची नावं जोडली जाण्याच्या कितीतरी आधी दोघींचं गाणं जोडलं गेलं होतं.

आणि तुमच्या घरी रोज संध्याकाळी तेर्साला म्हणतात ना, 'नमान मोरिये, कुर्पेन भरलेले'? मोरी म्हणजे मारिया. आणि कुर्पा, कृपा, म्हणजेच हन्ना. मुलीचं अख्खं नाव त्या पहिल्या ओळीत आहे.

आगशीची सून

हे वाचून मी उठून सासूबाईंकडे गेले. त्यांनी ओळ दोनदा म्हणून पाहिली आणि बाळाला उचलून घेतलं.

मावशीला सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. तिची एक शंका होती: बायबलातली माणसं आपल्या पाळण्याच्या चालीत शोभतील का?

सांखळीकर

निःशंक रचू द्या. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली अख्खं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत लिहून रायतूरला छापलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. चार शतकांपूर्वी जे शोभलं ते आज का शोभणार नाही? गोव्यात या गोष्टी मराठीत सांगायची वाट मळलेली आहे.

आगशीची सून

मावशीनं तीन कडवी पाठवली. तिच्या परवानगीनं देते.

पहिल्या दिवशी हन्नेची आस,
ओठ हलती, मुका तो ध्यास,
शिलोच्या दारी फळला नवस,
अंगडे शिवी ती दर वरुषास । जो बाळा जो जो रे जो ॥

दुसऱ्या दिवशी नदीच्या तीरी,
लव्हाळ्यात पेटी, ताई पहारी,
सागर ओलांडी, डफ घेई करी,
मिर्याम गाते सख्यांच्या स्वरी । जो बाळा जो जो रे जो ॥

तिसऱ्या दिवशी आना माउली,
मारियेस बसवी आपुल्या जवळी,
अक्षर अक्षर शिकवू लागली,
तवशांनी भरली गावी तळावली । जो बाळा जो जो रे जो ॥

रेवदंडेकर

मावशींना साष्टांग नमस्कार. 'ताई पहारी' वाचून अंगावर काटा आला.

कुपारीण

अंगड्याची ओळ मी आमच्या पाळण्यात घेणार आहे, चालेल ना? एक सूचना: जन्मदाखला, बाप्तिस्म्याची नोंद आणि पुढे आधार, तिन्हीकडे नाव एका शब्दात की दोन शब्दांत ते आताच ठरवा. दोन शब्दांत लिहिलं की शाळेत नुसतं 'आना' उरतं आणि मारिया मधलं नाव होऊन बसतं.

आगशीची सून

अवश्य घ्या, मावशीला आनंदच होईल. नाव एका शब्दात ठेवतोय, दाखल्यावरही तसंच घालायला सांगितलं आहे. पत्रिकेत अर्थाची ओळ घातली नाही. 'पणजी आना आणि आजी मारिया यांच्या नावे' एवढंच छापलं. काकूंनी सांखळीकर सरांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि बारशाला कुंची शिवून आणते म्हणाल्या. चौथं कडवं आजेसासूबाई आणि सासूबाईंवर आहे, ते मावशी बारशालाच म्हणणार, म्हणून इथे देत नाही.